रायफल कुठे अडते: थंडी, धूळ, चिखल आणि मीठ

चाचणीचा पहिला दिवस कंटाळवाणा जातो आणि तो तसाच जायला हवा. पेट्यांतून रायफली निघतात, कारखान्यातलं ग्रीस पुसलं जातं, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक पडतो. मग मॅगझिनांवरही, म्हणजे गोळ्यांच्या डब्यांवर. नवीन माणसाला इथे हसू येतं: रायफलला क्रमांक ठीक, डबीला कशाला? तीन आठवड्यांनी तक्ता पुढ्यात आला की त्याचं उत्तर मिळतं. रायफल क्र. ४ बदनाम झालेली असते, पण तिचे बहुतेक अडथळे मॅगझिन क्र. ११ लावलेलं असतानाचे निघतात. तीच डबी क्र. २ ला लावली की क्र. २ ही अडते. डबीचे ओठ जरासे फाकलेले असतात, बस्स.

गोळी झाडण्याआधी मोजमापं. हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) तोंड आणि नळीत काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर, गो आणि नो-गो गेजने (पहिलं बसायला हवं, दुसरं बसायला नको), फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी सुई) बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येते ते डेप्थ मायक्रोमीटरने, चाप ओढायला आणि कॉकिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) मागे खेचायला लागणारं बळ फोर्स गेजने. ठोक्याची ताकद पाहण्याची पद्धत साधी आहे. डमी काडतुसात प्रायमरच्या (ठोक्याने पेटून दारू पेटवणारी टिकली) जागी तांब्याचा इवलासा सिलिंडर बसवायचा, चाप ओढायचा, तांब्यावर उमटलेल्या खळीची खोली डायल गेजने मोजायची. पाच ठोके, पाच खळ्या, सरासरी. हा आकडा जपून ठेवायचा. थंडीत सगळ्यात आधी तोच बोलतो.

दारूगोळा पूर्ण चाचणीला एकाच लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेला, आणि शिपायाला प्रत्यक्ष मिळतो तोच. काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची असोत की बाहेरून आलेली, लॉट नंबर तक्त्याच्या डोक्यावर लिहिल्याशिवाय पहिली गोळी सुटत नाही. हा आग्रह उगाच नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याची एम-१६ रायफल अडू लागली त्यामागे काडतुसातली बदललेली दारू हे एक मोठं कारण होतं. रायफलची जुळणी ज्या दारूवर झाली होती तिच्याजागी बॉल पावडर (गोल दाण्यांची दारू) आली, गोळीबाराचा वेग वाढला, गॅसच्या वाटेत जास्त मळ साचू लागला. चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती पोकळी) क्रोमचा थर नव्हता आणि सफाईचं सामान पुरेसं पोचलं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने याची चौकशी केली. रायफल पास झाली होती, फक्त वेगळ्या काडतुसावर.

पुढचं सगळं समजायला एक हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. गोळी नळीतून पुढे जाताना गॅस पोर्टमधून (नळीतलं बारीक भोक) थोडा वायू पिस्टनवर येतो आणि पिस्टन बोल्ट कॅरियरला (बोल्टला वाहून नेणारा भाग) मागे ढकलतो. त्या एका धक्क्यात कॅरियरची सगळी कमाई होते. खर्चाची यादी मात्र लांबलचक. बोल्ट फिरवून कुलूप उघडायचं, चेंबरला चिकटलेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) ओढून काढायची, ती बाहेर फेकायची, हॅमर (फायरिंग पिनवर आदळणारा हातोडा) ताणायचा, रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे ढकलणारी) दाबायची. परतीचा प्रवास स्प्रिंगच्या भरवशावर: मॅगझिनमधून पुढचं काडतूस सोडवायचं, चेंबरमध्ये सरकवायचं, कुलूप लावायचं. मिनिटाला ७५० गोळ्यांचा वेग धरला तर या सगळ्याला मिळून ८० मिलिसेकंद मिळतात. हवामान रायफल बंद पाडत नाही. ते या हिशेबात हात घालतं: कमाई कमी करतं, नाहीतर खर्च वाढवतं.

म्हणून आम्ही अडथळे मोजण्याआधी वेग मोजतो. नळीपासून थोड्या अंतरावर मायक्रोफोन लावून बर्स्टमधल्या (एका दमात सलग सुटलेल्या गोळ्यांच्या) दोन आवाजांतलं अंतर घ्यायचं. दुसरी खूण जमिनीवर असते. रायफलच्या उजव्या बाजूला चौकटी आखलेली ताडपत्री अंथरायची आणि पुंगळ्या कुठे पडतात ते टिपायचं. स्वच्छ रायफलीच्या पुंगळ्या ठरावीक पट्ट्यात पडतात. त्या पायाजवळ सांडू लागल्या की समजायचं, रायफल अजून चालते आहे पण शिल्लक संपत आली आहे. अडथळा येतो तो शेवटचा हप्ता थकल्यावर. नुसते अडथळे मोजणाऱ्याला दोन रायफली सारख्याच वाटतात, त्यातली एक काठावर उभी असली तरी.

कोणती चाचणी आधी घ्यायची हेही ठरवून घ्यावं लागतं. मिठाची सगळ्यात शेवटी, कारण तिच्यानंतर पृष्ठभाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. थंडी आणि उष्णता सुरुवातीला, मग धूळ, मग चिखल-पाणी. एकच रायफल सगळ्यांतून फिरवली तर दोष कुठल्या चाचणीचा हे कळत नाही, आणि प्रत्येक चाचणीला कोरी रायफल घेतली तर झिजलेल्या रायफलीचं वागणं दिसत नाही. यावर तोड म्हणजे दोन रायफली सगळ्या चाचण्यांतून न्यायच्या, बाकीच्या एकेका चाचणीला वाटून द्यायच्या आणि एक साध्या हवेतच ठेवायची, तुलनेसाठी.

थंडी मुरवावी लागते. शीतकक्षाच्या काट्यावर उणे ४६ दिसलं म्हणजे रायफल तिथे पोचली असं होत नाही. चेंबरच्या आत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सरकवून ठेवायचं आणि तो आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. व्यवहारात रात्रभर. भरलेली मॅगझिनंही सोबत ठेवायची. काडतुसं खोलीच्या तापमानाची वापरली तर चाचणी वाया गेली. उणे ४६ हा लष्करी मानकांतल्या थंड गटाचा आकडा, अतिथंड गटाचा उणे ५१. सियाचीनला हिवाळ्यात पारा याच परिसरात फिरतो, म्हणून आपल्याकडे या चाचणीला जास्तच महत्त्व.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे रायफल शीतकक्षातून बाहेर काढून रेंजवर नेणं. पुण्यासारख्या ठिकाणच्या हवेतही बाहेर आल्याबरोबर तिच्यावर दहिवर धरतं. बोल्टच्या तोंडावर, चेंबरमध्ये, नळीत पांढरा थर येतो. मग जो अडथळा येतो तो थंडीचा नसतो, आपण आणलेल्या ओलाव्याचा असतो. गोळीबार शीतकक्षाच्या आतूनच व्हायला हवा, भिंतीतल्या झडपेच्या पोर्टमधून. झडप दोन बर्स्टच्या मध्ये बंद. पोर्टमधून धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच, कारण बंद खोलीत प्रायमरमधल्या शिशाची वाफ माणसाच्या फुप्फुसात जाते.

थंडी दोन्हीकडून खाते. दारू हळू जळते, चेंबरमधला दाब उतरतो, गॅस पोर्टवर कमी वायू येतो. म्हणजे कमाई कमी. नाटोच्या पद्धतीत काडतुसांचा दाब मुळातच उणे ५४, २१ आणि ५२ अंशांना तपासतात तो यासाठीच. दुसरीकडे तेल घट्ट होतं आणि खर्च वाढतो. एक रायफल नेहमीच्या तेलावर, एक अतिथंडीच्या पातळ तेलावर आणि एक जवळजवळ कोरडी अशा तिघी शेजारी लावल्या की फरक डोळ्यांना दिसतो. नेहमीच्या तेलाच्या रायफलीचं कॉकिंग हँडल सोडलं की बोल्ट झटकन न जाता मलईतून सरकल्यासारखा पुढे जातो. फायरिंग पिनच्या भोकात कुणी हौसेने तेल सोडलं असेल तर पिन उशिरा आणि हलकी आदळते. तांब्यावरची खळी पुन्हा घ्यायची आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघायची. खळी उथळ निघाली तर मिसफायर काडतुसाच्या माथी मारायचे नाहीत.

मिसफायर झाला की बोल्टला लगेच हात लावायचा नाही. नळी लक्ष्याकडे ठेवून ३० सेकंद थांबायचं, कारण प्रायमर उशिरा पेटू शकतो. आवाज दबका आला आणि धक्का कमी बसला तर थांबून नळीत सळई घालून बघायची. गोळी नळीतच अडकलेली असताना तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते, किंवा फाटते.

पहिल्या मॅगझिनवर निकाल लावू नये. पहिल्या २०-३० गोळ्या सरळ जातात. नळी तापते, आतलं दहिवर वितळतं, पाणी बोल्टच्या लगांमध्ये (बोल्टचं कुलूप लावणारे दात) शिरतं. मग अर्धा तास थांबलं की तेच पाणी गोठून बसतं. दुसऱ्या फेरीची पहिली गोळी ही थंडीच्या चाचणीची खरी गोळी. प्लॅस्टिकची परीक्षाही इथेच व्हायला हवी. भरलेलं मॅगझिन गोठलेल्या अवस्थेत दीड मीटरवरून काँक्रीटवर टाकायचं, एकदा तळावर, एकदा ओठांवर, एकदा कुशीवर. १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलच्या पारदर्शक मॅगझिनांना थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. खोलीच्या तापमानाला चिवट असलेलं प्लॅस्टिक उणे तापमानात काचेसारखं वागू शकतं, आणि हे टेबलावर बसून कळत नाही.

उष्णतेत उलटा खेळ. मानकांत उष्ण-कोरड्या प्रदेशाच्या हवेचा आकडा ४९ अंश, आणि उन्हात बंद गाडीत पडलेल्या सामानाचा ७१. दारू जोरात जळते, दाब वाढतो, कॅरियर वेगाने मागे जातो. जास्त कमाई म्हणजे चांगलंच असं वाटेल, पण मॅगझिनच्या स्प्रिंगचा वेग वाढलेला नसतो. काडतूस वर यायच्या आधीच बोल्ट परत येतो आणि त्याच्या बुडाऐवजी मध्यावर आदळतो किंवा वरून रिकामाच निघून जातो. नेमकं मॅगझिनच्या तळाच्या काडतुसांना असं होत असेल तर स्प्रिंग कमजोर आहे. पहिल्या एक-दोन काडतुसांना होत असेल तर डबी ठासून भरली आहे. म्हणून तक्त्यात "मॅगझिनमधली कितवी गोळी" हा रकाना असतो, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा कोरा राहतो.

दुसरी लक्षणं पुंगळ्यांवर वाचायची. प्रायमर चपटा झालेला, कडेला एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणारं नख) ओरखडलेली किंवा तुटलेली किनार, म्हणजे दाब अजून चढा असतानाच बोल्ट उघडू लागला आहे आणि पितळ चेंबरची भिंत सोडायला तयार नाही. आणि तापलेल्या नळीत काडतूस तसंच ठेवून कुणी पाणी प्यायला जायचं नाही. नळीच्या उष्णतेने काडतूस आपोआप सुटतं. सलग मॅगझिनं रिकामी केल्यावर बोल्ट उघडा ठेवूनच रायफल स्टँडवर ठेवायची.

धुळीची चाचणी सगळ्यात जास्त वेळ घेते. धूळ आणि वाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानकं १५० मायक्रॉनच्या खालच्या कणांना धूळ म्हणतात आणि १५० ते ८५० मायक्रॉनच्या कणांना वाळू. वाळू खरवडते, पण मोठी असल्यामुळे झटकली तर पडते. धूळ पिठासारखी वाहते आणि जिथे तेल आहे तिथे बसते. धुळीच्या कक्षात घनमीटरला सुमारे १०.६ ग्रॅम धूळ तरंगती ठेवतात, वाऱ्याचा वेग सेकंदाला दीड ते ८.९ मीटर, आणि हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली. ओलावा चढला की धूळ गुठळ्या धरते आणि चाचणी सोपी होते. पावसाळ्यात आपल्याकडे हीच डोकेदुखी. धूळ आधी भट्टीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवावी लागते, नाहीतर जुलैचा निकाल आणि जानेवारीचा निकाल जुळत नाहीत. सिलिकाचं पीठ वापरत असाल तर नुसता रुमाल नाकावर बांधून चालत नाही. सिलिकोसिस बरा होत नाही. कण अडवणारा घट्ट मास्क, आणि कक्ष उघडण्याआधी धूळ पूर्ण बसू द्यायची.

रायफल आत जाते तेव्हा मॅगझिन लावलेलं, काडतूस चेंबरमध्ये, खटका सेफवर, धूळ-झाकण असेल तर बंद, नळीच्या तोंडावर टेप किंवा टोपी. बाहेर काढल्यावर काय करायला परवानगी आहे ते आधीच लिहून ठेवायचं, तेही शिपायाजवळ जे असतं तेवढंच: हाताने झटकणं, तोंडाने फुंकणं, एक चिंदी. एअर कॉम्प्रेसरची नळी कुणी उचलली की ती फेरी बाद. पहिल्या गोळीला बोल्ट पूर्ण बंद झाला आहे का ते डोळ्याने बघायचं. काडतूस आणि चेंबरच्या भिंतीतली फट फारच बारीक असते, त्यात चिमूटभर धूळ गेली तर काडतूस पूर्ण बसत नाही, बोल्ट फिरत नाही आणि चाप ओढला तरी हॅमर पडत नाही किंवा अर्धवट पडतो. धूळ सगळ्यात आधी बसते ती लगांच्या खाचांत, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली आणि मॅगझिनच्या आत फॉलोअरच्या (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) कडेला. मॅगझिनमधली धूळ दिसत नाही म्हणून विसरली जाते.

तेलाचा वाद इथे दर वेळी होतो. वाळवंटात रायफल कोरडी ठेवा, तेलाला धूळ चिकटते, असं जुने लोक सांगतात. चिकटते हे खरं. पण कोरड्या पोलादावर तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. भरपूर तेलात ती तरंगत राहते आणि बोल्टच्या हालचालीबरोबर बाहेर फेकली जाते. सगळ्यात वाईट अवस्था मधली: इतकं थोडं तेल की त्याची धुळीबरोबर मळून कणीक व्हावी. म्हणून तेल अंदाजाने सोडायचं नाही, सिरिंजने मिलिलिटरमध्ये मोजायचं. तेलाचं प्रमाण न लिहिलेला धुळीचा निकाल आम्ही तरी वाचत नाही.

याचा गाजलेला दाखला २००७ मधला. अमेरिकेच्या मेरिलँडमधल्या अ‍ॅबर्डीन चाचणी केंद्रावर चार प्रकारच्या रायफली धुळीत तपासल्या, प्रत्येकीचे १० नमुने, प्रत्येक नमुन्यातून ६,००० गोळ्या, म्हणजे प्रकारागणिक ६०,०००. दर १२० गोळ्यांनी पुन्हा धूळ, तेलही भरपूर. एक्सएम-८ चे १२७ अडथळे, स्कारचे २२६, एचके ४१६ चे २३३ आणि एम-४ चे ८८२. बातम्यांनी ८८२ उचलला. पण त्यातले २३९ मॅगझिनचे होते. शिवाय त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेल्या तशाच चाचणीत एम-४ चे अडथळे ३०७ होते. रायफल तीच, पद्धत तीच, तरी आकडा जवळजवळ तिप्पट. एका फेरीच्या आकड्यावर रायफलीची जात ठरवणाऱ्याने ही दोन आकड्यांची जोडी भिंतीवर लावून ठेवावी.

चिखलासाठी आपल्याकडे बाहेरून काही मागवावं लागत नाही. दख्खनची काळी माती या कामाला अस्सल. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट ही चिकण माती असते, जी पाणी पिऊन फुगते आणि वाळली की विटेसारखी होते. परदेशी पद्धतींत वापरतात त्या बेंटोनाइटची ही सख्खी बहीण. माती वाळवायची, चाळायची, तोलायची आणि पाणीही तोलूनच घालायचं. "साधारण दाटसर" हा शब्द तक्त्यात चालत नाही, कारण दोन तासांत पाणी उडून चिखल घट्ट होतो आणि शेवटच्या रायफलीवर अन्याय होतो. दर रायफलीआधी ढवळायचं आणि घट्टपणा तपासायचा.

रायफल बुडवून काढली की अर्ध्यांतून लगेच गोळीबार, अर्ध्या वाळत ठेवायच्या. ओला चिखल वंगणासारखा सरकतो, अनेक रायफली तो पचवतात. वाळलेला चिखल चापामागच्या पोकळीत आणि कॉकिंग हँडलच्या खाचेत घट्ट बसतो. कॉकिंग हँडल हलत नाही तेव्हा फोर्स गेज लावून आकडा घ्यायचा आणि मगच दस्ता जमिनीवर आपटून बघायचा. ढिल्या बांधणीची रायफल चिखलाला बधत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. मोकळी जागा ही चिखलाला बाहेर जायची वाट आणि तीच आत यायचीही. चहूकडून झाकलेली रायफल चिखलात कधी कधी सरस ठरते आणि मग आत शिरलेल्या एका चमचाभर गाळावर अडते.

गोळी झाडण्याआधी नळी मोकळी असल्याची खात्री सळईने करायची, टेप जागेवर दिसत असली तरी. नळीत चिखलाचा बोळा असताना झाडलेली गोळी नळी फाडते. चिखल आणि पाण्याच्या चाचण्यांत पहिली गोळी हाताने नाही, स्टँडमध्ये जखडून, भिंतीआडून दोरीने.

पाण्यात नळीचा व्यास आड येतो. ५.५६ मिलिमीटरच्या नळीतून पाणी सहजी गळत नाही, बाटलीच्या अरुंद तोंडात थांबावं तसं थांबतं. रायफल बाहेर काढून नळी खाली केली की थोडं सांडतं आणि बाकीचं आत लटकतं. कॉकिंग हँडल काही सेंटिमीटर मागे ओढून बोल्ट किंचित उघडला की मागून हवा शिरते आणि उरलेलं पाणी गटकन खाली येतं. ही एक कृती शिकवली आहे की नाही यावर नळी वाचते की फुगते हे ठरतं. वायू थेट नळकांड्यातून मागे नेणाऱ्या रायफलींत त्या बारीक नळकांड्यातलं पाणीही उतरू द्यावं लागतं. पावसाची चाचणी यापुढे सौम्य: मिनिटाला १.७ मिलिमीटर पाऊस, सेकंदाला १८ मीटरचा वारा, प्रत्येक बाजू अर्धा तास. त्यात बहुतेक वेळा तक्रार दुर्बिणीची येते, रायफलीची नाही.

मीठ. कोकणात ज्याच्या घराच्या खिडकीचे गज समुद्राकडे आहेत त्याला हे समजावायला नको. कक्षात ३५ अंश, पाच टक्के मिठाचं पाणी, २४ तास धुकं आणि २४ तास वाळवण, असं दोनदा. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात. कक्षात ८० चौरस सेंटिमीटर तोंडाची नरसाळी ठेवायची. त्यांत तासाला १ ते ३ मिलिलिटर पाणी साचलं तर धुक्याचं प्रमाण बरोबर. नॉझल तुंबला की एका कोपऱ्यातली रायफल कोरडी राहून फर्स्टक्लास पास होते.

बाहेर काढल्यावर काहीही पुसायचं नाही. आधी फोटो, मग कॉकिंग हँडलचं बळ, मग खटका फिरतो का, मॅगझिन सुटतं का. फॉस्फेटच्या मोठ्या पृष्ठभागांवरचा तांबूस थर भयंकर दिसतो पण सहसा निरुपद्रवी. त्रास बारीकसारीक ठिकाणी. गॅस रेग्युलेटर (पिस्टनवर येणारा वायू कमी-जास्त करणारा भाग) जागीच धरतो, धूळ-झाकणाची स्प्रिंग तुटते, मॅगझिनची स्प्रिंग आतून पोखरते. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत पोलादी पिन असेल तर तिच्याभोवती पांढरी भुकटी जमते. दोन धातू आणि खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

अडथळ्याची नोंद करताना पहिला नियम: हात लावण्याआधी फोटो. पुंगळी उभी अडकली आहे की काडतूस वाकडं घुसलं आहे की बोल्ट अर्ध्यावर थांबला आहे, हे अडथळा सोडवला की पुसलं जातं आणि झाडणाऱ्याच्या आठवणीत तिन्ही एकसारखेच असतात. वर्ग तीन: दहा सेकंदांत जागेवर सुटणारा पहिला, जागेवरच पण जास्त वेळ घेणारा दुसरा, शस्त्र-कारागिराकडे न्यावा लागणारा तिसरा. २००७ च्या त्या ८८२ पैकी ८६३ पहिल्या दोन वर्गांतले होते आणि १९ तिसऱ्या. शिपायासाठी या दोन आकड्यांत जीवन-मरणाचं अंतर आहे.

गोळीबार कसा करायचा हेही मोजूनच. ब्रिटिशांनी आपल्या एसए-८० रायफलची सुधारित आवृत्ती कुवेत, अलास्का, ब्रुनेई आणि मायदेशी तपासली तेव्हा ८ मिनिटं ४० सेकंदांत १५० गोळ्या अशी एक मोहीम ठरवली होती. नुसतं "हजार गोळ्या झाडल्या" याला अर्थ नाही. दिवसभरात हजार आणि वीस मिनिटांत हजार या दोन वेगळ्या रायफली असतात.

किती गोळ्या पुरेशा, याला एक ढोबळ नियम आहे. ३,००० गोळ्या एकही अडथळा न येता गेल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोन अडथळ्यांमधलं सरासरी अंतर किमान १,००० गोळ्यांचं आहे. तीन हजार निर्दोष, म्हणजे तीन हजारांत एक, असं कागदावर लिहून मोकळं होणारे बरेच भेटतात. आणि हा नियमही अडथळे विखुरलेले येतात असं धरून चालतो. ते येतात गठ्ठ्याने, एका मॅगझिनमध्ये किंवा धुळीनंतरच्या पहिल्या दहा गोळ्यांत.

सगळं संपल्यावर खोलणी. हेडस्पेस पुन्हा, स्प्रिंगांची मोकळी लांबी पुन्हा, बोल्टच्या लगांवर मॅग्नेटिक पार्टिकलने (चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडी भुकटीने) भेगांचा शोध. प्रत्येक सुटा भाग पांढऱ्या कागदावर ठेवून मऊ ब्रशने झाडायचा. चाप-संचाच्या पोकळीतून, दस्त्यातल्या स्प्रिंगच्या नळीतून, रिअर साइटच्या स्क्रूखालून, तीनदा साफ केलेल्या रायफलीतूनही धूळ निघते. ती पोकळीनुसार वेगवेगळ्या पुड्यांत बांधून तोलायची आणि पुडीवर रायफलीचा क्रमांक घालायचा. डिझाइनवाले अहवालाची पानं उलटतात, पण टेबलावर आधी याच पुड्या मागतात.